सायकलच्या ट्यूबची रिंग आणि विमानाची भिंगरी

आमच्या सायकल दुकानात फळीवर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. पूर्वी त्यात व्हॉल्व्हच्या टोप्या असायच्या. मागच्या हिवाळ्यात त्यात मोडक्या भिंगऱ्या जमायला लागल्या. कॉलेजची पोरं तिला प्रोपेलर म्हणतात. मला ते लांबलचक वाटतं, मी भिंगरीच म्हणते. वीतभर लांबीची, राखाडी प्लास्टिकची, दोन पात्यांची. एखादी मधोमध तुटलेली, एखादीचं नुसतं टोक गेलेलं. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत असतं, त्याची नजर डब्यात गेली की विचारायचं, "काकू, हाई काय शे?"

मी म्हणायची, "मन्ही नातना पराक्रम शे."

माझी नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहते आमच्याजवळ शहाद्याला, कॉलेज लोणखेड्याला, म्हणजे स्कूटी चालू केली की पोहोचली. तिने आणि तिच्या वर्गातल्या तीन पोरांनी मिळून एक विमान केलं होतं. फोमच्या पातळ शीटचं, दोन हात पसरावेत एवढं रुंद. पोटात बॅटरी, नाकावर मोटर आणि मोटरवर भिंगरी. हातातल्या रिमोटने ते उडवायचं. आता बघा, विमान पडतं तेव्हा आधी काय टेकतं? नाक. म्हणजे सगळ्यात महागाची आणि नाजूक वस्तू या लोकांनी नेमकी मार खायच्या जागी बसवलेली. मी हे बोलून दाखवलं तर नात म्हणाली, "मोठमाय, सगळा जगमा तसंच बसाडतस." जगाशी कोण भांडणार.

सराव करायचे ते कापूस काढून मोकळ्या झालेल्या एका शेतात. कपाशीच्या पराट्या उपटलेल्या, काळी माती वाळून ढेकळं दगडासारखी झालेली. विमान त्या ढेकळांवर आलं की भिंगरीचे दोन तुकडे, हे ठरलेलंच.

एका संध्याकाळी ती आली आणि जुन्या टायरांच्या ढिगावर बसून राहिली. चहा दिला तर तो तसाच निवला.

"काय वं, आज कितल्या मोडन्यात?" मी विचारलं.

"मोठमाय, चिडावू नको."

"बरं नही चिडावत. सांग ते सही."

तिने दप्तरातून मोडक्या भिंगरीसकट मोटर काढून माझ्या तळहातावर ठेवली. लिंबाएवढी चीज, पण वजनदार. तिच्यातून बाहेर येणारा बारीक दांडा, ज्याच्यावर भिंगरी बसते, तो वाकला होता. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच.

आमच्या दुकानाला लागूनच एका चाचांचं लेथचं दुकान आहे. त्यांचे वडील तिथेच बसायचे, आता हे बसतात. मी त्यांना हाक मारली. त्यांनी मोटर उजेडात धरली आणि दांडा बोटाने फिरवला. दांडा जरा जरा नाचत होता.

"भाभी," चाचा म्हणाले, "हाऊ मी ठोकी दिसू, सरळ बी दिसी. पन जोरमा फिरना का थरथरी. मंग मोटर खाई जाई."

"दुसरी शे का वं तुन्हापा?" मी नातीला विचारलं.

"नवी एकच शे. शेवटली. मांगाडी ते कुरिअरले पंधरा दिन. आनि स्पर्धा आठ दिनवर शे."

स्पर्धा नंदुरबारला होती, एका मैदानावर. विमानाने दोन फेऱ्या उडायचं. नियम असा की दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणताही भाग बदलायचा नाही. जे घेऊन आलात त्यानेच दोन्ही वेळा उडवा. खरं दुखणं वेगळंच होतं, ते मागाहून बाहेर आलं.

"पोऱ्या म्हणतस, आखो एक डाव पाडं ते रिमोट मन्हा हातमा नही."

विमान उडवणारी चौघांत तीच. आधी दोन महिने कम्प्युटरवर खोटं विमान उडवून शिकली होती. रात्री जेवताना अंगठे ताटावर हलायचे. त्या तिघांना ते आधी नको होतं, म्हणजे पोरगी चिकटवायला, रंगवायला बरी, उडवायचं आम्ही. भांडून तिने रिमोट घेतला होता. तो आता जाणार. एकदा गेला की परत हाती येत नाही, हे मला कोणी समजावून सांगायला नको. आमचे हे होते तेव्हा दुकानात पाना माझ्या हाती यायला सात वर्षं लागली होती. तोवर मी फक्त पंक्चर शोधायची पाण्याची घमेली भरायची.

मी तुटलेली भिंगरी हातात घेतली. मोटरवर ती नटाने बसवलेली. पाना लावला तर नट हलेना. चाचांचा पाना आणला, तेव्हा कुठे कुरकुरला.

"इतलं कोन आवळं?"

"मी," नात म्हणाली. "ढिलं ऱ्हायनं ते उडी जाई ना!"

मला माझ्या बापाची गाडी आठवली. माझं माहेर धानोऱ्याचं. आमच्या बैलगाडीचं जू दांडीला दोराने बांधलेलं असायचं. दर वेळी गाडी जुंपताना बाप तो दोर गुंडाळायचा, ओढायचा, गाठ मारायचा. मी लहान होते, भुकेली असायची, मला तो वेळ फुकट वाटायचा. मी म्हटलं होतं, "आप्पा, एक बोल्ट मारी टाक ना, रोजनी कटकट जाई." बाप हसला होता. म्हणाला होता, "चाक दगडवर चढनं का जू हालाले पाहिजे. बोल्ट मारा ते दांडी मोडी. दोर तुटना ते दुसरा बांधी लिसू."

पन्नासेक वर्षांनी त्या दोराची आठवण अशी विमानाच्या नाकावर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी नातीला म्हटलं, "हाई भिंगरी आवळानी नही, बांधानी."

"कशावरी बांधशी?"

तिच्या बुडाखालच्या ढिगात जुन्या ट्यूबाही होत्या. त्यातली बारीक सायकलची एक ट्यूब मी ओढली आणि कात्रीने आडवी कापायला लागले. कांद्याच्या चकत्या पडाव्यात तशा रबराच्या रिंगा पडत गेल्या.

चाचा बघत उभे होते. त्यांना पूर्ण सांगावं लागलं नाही. त्यांनी पितळेच्या तुकड्यातून एक छोटी कॉलर खरादली, नव्या मोटरच्या दांड्यावर घट्ट बसेल अशी. तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन स्क्रू, कानासारखे बाहेर आलेले. भिंगरी कॉलरवर नुसती टेकवायची. मग रिंग एका कानात अडकवायची, भिंगरीवरून ताणून न्यायची आणि दुसऱ्या कानात अडकवायची. झालं. नट नाही, पाना नाही. मी दोन रिंगा लावल्या, एकावर एक. एकटीवर माझा भरवसा बसेना.

मग मी भिंगरीच्या पात्याला बोटाने जोरात ढकललं. भिंगरी कलली, पार आडवी झाली आणि बोट काढताच टप्प करून जागेवर आली. नातीने स्वतः ढकलून पाहिली. परत पाहिली. मग हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

"चाचा, तुम्हनं नाव विमानवर लिखसू," ती म्हणाली.

"नाव राहू दे," चाचा म्हणाले, "पाडशी तव्हय मन्हा लेथवर पाडजो नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या स्कूटीवर मागे बसून शेतात गेले. हौसच म्हणा. बांधावर गोणपाट टाकून बसले. ते तिघे आले होते. त्यातला एक उंच, रिमोटवर डोळा असलेला, त्याने विमान हातात धरलं, चार पावलं धावला आणि सोडलं. विमान वर गेलं. विजेच्या खांबाच्या वर गेलं. मी गोणपाटावर उभीच राहिले.

आणि आवाज बदलला. आधी गुणगुण होती, तिची एकदम घरघर झाली. विमान थरथरलं, नाक खाली केलं. मी नातीकडे पाहिलं. तिचा अंगठा वर, अजून वर दाबत होता, जणू जोर दिला की ते परत उचलेल. विमान ढेकळात घुसलं आणि घुसल्यावरही मोटर किंचाळत राहिली. नात धावत गेली, बॅटरीची वायर उपटली. मी पोहोचले आणि मोटरला हात लावला तर तव्याला हात लागल्यासारखा चटका.

उंच पोरगा म्हणाला, "सायकलना डॉक्टरकडे विमान लई गयी. मंग काय होई?"

कोणी हसलं नाही, ते मला आवडलं. नात मान खाली घालून बसली होती. तिने विमानाचं नाक मातीतून काढलं. फोम दबला होता, एक बाजू फाटली होती. पण भिंगरी अख्खी. आडवी पडून मातीने भरलेली, पण अख्खी. मी मोटर बोटाने फिरवली. दांडा सरळ फिरत होता, एका जागी, न नाचता.

"हाई देख," मी म्हटलं, "मोडनं काहीच नही."

"पन पडनं काबर?" उंच पोरगा. प्रश्न बरोबर होता.

मी रिंगा काढून हातात घेतल्या. दोन बोटांत चोळल्या. आणि बोटांकडे पाहिलं तर पांढरी.

पावडर! ज्यांनी कधी ट्यूब बसवली नाही त्यांना सांगते. सायकलची ट्यूब टायरमध्ये घालण्याआधी तिला पावडर लावतात, म्हणजे ती टायरला चिकटत नाही, पीळ पडत नाही. आमच्या दुकानात त्या पावडरची पुरचुंडी खुंटीला कायम टांगलेली. चाळीस वर्षं मी रबराला हात लावला की दुसरा हात आपोआप पुरचुंडीकडे जातो. काल रिंगा कापल्यावर मी त्या मायेने पावडरीत घोळल्या होत्या, पापडाला पिठी लावावी तशा. आणि जिथे रबराने पकडून ठेवायचं, तिथे मी त्याला घसरायला लावलं होतं. मोटरने पूर्ण जोर घेतला, भिंगरी कॉलरवरून सरकली, एका अंगाला बसली आणि सगळा तोल गेला.

मी तिघांना माझी पांढरी बोटं दाखवली. म्हटलं, "चूक मन्ही शे, पोरनी नही. मीच पाडं. रिमोट काढानं व्हई ते मन्हा हातमातून काढा."

नात नाक पुसत म्हणाली, "मोठमाय, तुन्हा हातमा रिमोट कव्हय व्हता?"

तेव्हा मात्र सगळे हसले. उंच पोरगाही. तो म्हणाला, "ठीक शे आजी. स्पर्धापर्यंत तिन्हापाच ऱ्हाऊ द्या. पन आखो पाडं ते मंग नही." म्हणजे मुदत मिळाली, माफी मिळाली नाही.

त्या रात्री मी पडल्या पडल्या तोच चटका आठवत होते. भिंगरी वाचली, पण मोटर जमिनीत अडकून फिरत राहिली असती आणखी थोडा वेळ, तर आतून जळली असती. नात म्हणाली होती, अडकलेली मोटर जोर लावत राहते, म्हणून तापते. मग आपण रबर बांधून अर्धंच काम केलं होतं. उरलेलं अर्धं तिच्या अंगठ्यात होतं.

मी सायकल चालवायला लग्नानंतर शिकले, दुकानाच्या मागच्या गल्लीत, साडी खोचून. तेव्हा एक गोष्ट कळली होती. पडणार हे दिसायला लागलं की माणूस जास्त जोराने पेडल मारतो. भीतीने. आणि मग जास्त लागतं. पडायचंच ठरलं तर पाय सोडून द्यायचे, सायकलला तिच्या मनाने पडू द्यायचं. नातीला मी हे सकाळी सांगितलं.

ती म्हणाली, "माहीत शे मोठमाय. अंगठा खाले लेवाना. पन तव्हय हातच आयकत नही."

"मंग हातले शिकाडू."

पुढचे पाच दिवस आमच्या घरात जो तमाशा झाला तो शेजारीपाजारी अजून सांगतात. रिमोट बंद करून तिच्या हातात द्यायचा आणि ती काहीही करत असली तरी मी मधूनच ओरडायचं, "पडनं!" आणि तिचा अंगठा झटकन खाली आला पाहिजे. टीव्ही बघताना पडनं. अभ्यास करताना पडनं. सूनबाई भाकरी थापत होती, ती दचकून म्हणाली, "अव आत्या, मन्ही भाकर पडी जाई!" एकदा तर दुकानात ओरडले आणि बाहेर सायकल लावलेलं एक गिऱ्हाईक चहा टाकून धावत गेलं, त्याला वाटलं त्याचीच सायकल पडली. पहिल्या दिवशी दहातल्या तीन वेळा अंगठा खाली आला. पाचव्या दिवशी मी तोंड उघडायच्या आधीच यायला लागला. मग मला गंमत कमी वाटायला लागली, म्हणजे काम झालं होतं.

रिंगा नव्या कापल्या. साबणाने धुतल्या, फडक्याने पुसल्या, आणि ती पावडरीची पुरचुंडी चाचांकडे ठेवायला दिली. माझ्या हातांचा काही भरवसा नव्हता. शेतातही दोनदा उडवून पाहिलं. भिंगरी जागची हलली नाही.

स्पर्धेच्या दिवशी नंदुरबारच्या त्या मैदानावर कडेने दोर बांधला होता. बघणारे दोराच्या अलीकडे, विमानवाले पलीकडे. पहिल्या फेरीतच तीन विमानं नाकावर आली. एका पोराच्या हातात भिंगरीचा अर्धा तुकडा होता आणि तो त्याच्याकडे बघत उभा होता. मला त्याला माझ्या पिशवीतली रिंग द्यावीशी वाटली, पण नियम.

आमच्या नातीचं विमान छान वर गेलं. दोन वळणं घेतली, उतरायला आलं. आणि जमीन चार हातांवर असताना बाजूने वाऱ्याचा झोत आला. एक पंख उचलला गेला. विमान तिरकं झालं.

मी ओरडले नाही. शपथ. तोंडावर पदर धरला होता.

मोटरचा आवाज हवेतच बंद झाला. एकदम. मैदानावर नुसता वारा ऐकू आला. विमान गप्पपणे नाकावर आलं, धूळ उडाली, एकदा कोलांटलं आणि उताणं पडलं. उंच पोरगा पहिला पोहोचला. नात मागून. रिमोट बाजूला ठेवून ती गुडघ्यांवर बसली. भिंगरी आडवी झाली होती. तिने अंगठ्याने ढकलली. टप्प. जागेवर आली.

मग ती वाकून जवळून बघू लागली आणि मला दोराच्या अलीकडूनच कळलं की काहीतरी आहे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एक बोट उभं केलं. नंतर कळलं ते असं, वरच्या रिंगेला चीर पडली होती, बदलायला परवानगी नाही. तेव्हा मला एवढंच समजलं की एक गेली. मी दोन बोटं दाखवली. खाली दुसरी आहे ना, ती ओढून बघ. तिने ओढून पाहिली. मान हलवली.

परीक्षकांनी विचारलं, दुसरी फेरी घेणार का. उंच पोराने रिमोट जमिनीवरून उचलला होता. क्षणभर तो त्याच्या हातात होता. त्याने शर्टाला पुसून, धूळ झटकून, तो नातीच्या हातात दिला आणि आपण विमान घेऊन धावायला तयार झाला.

दुसरी फेरी मी नीट पाहिली नाही, डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. विमान गेलं, फिरलं, आलं. उतरताना गवतावर पोटाने घसरत थांबलं. बस.

बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. त्यांची विमानं आमच्यापेक्षा सरळ उडाली, तेही मान्य. पण दोन्ही फेऱ्या पुऱ्या करणाऱ्यांत आमचं होतं, आणि त्याच मोटरवर, त्याच भिंगरीवर.

परत येताना नातीने मोबाईलवर मला एक फोटो दाखवला. अगदी आमच्यासारखीच कॉलर, दोन कान, वर रबराची रिंग. दुकानात तयार मिळते म्हणे, कधीपासून.

"मंग आधी काबर नही सांगं?" मी म्हटलं.

"माले बी आजच समजनं, मोठमाय. एक पोऱ्याना विमानवर व्हती."

मी खूप हसले. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "भाभी, त्यासनी आपली पाहीसन करेल व्हई."

त्या मोडक्या भिंगऱ्यांपैकी एक मी ठेवली आहे, बाकी टाकल्या. डब्यात आता रिंगा असतात, धुतलेल्या. दोन आठवड्यांपूर्वी नात आली, टायरांच्या ढिगावर बसली आणि हातांनी माप दाखवत म्हणाली, "मोठमाय, आते पुढलं विमान मोठं शे. मोटर बी मोठी. उडावनार मीच, पोऱ्यासनीच ठरायं. सायकलनी रिंग पुरी का, का मोटरसायकलनी ट्यूब लागी?"

मी खुंटीवरची मोटरसायकलची जुनी ट्यूब काढून तिच्या मांडीवर टाकली.

"पहिले पावडर पुसी ले," मी म्हटलं, "मंग कात्री लाव."